बाबांच्या गाडीचा आवाज

१० जानेवारी, शनिवार

पाइप बसला! दिवसभर मेहुण्याच्या गॅरेजमध्ये गाडीवर ओणवा होतो. पाठ मोडली, बोटं सोलवटली, पण बसला. मनगटाहून जाड, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा, आणि टोकाला लाल शंकूसारखा उघडा हवेचा फिल्टर. आधीचा फिल्टर काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद असायचा, गाडी बिचारी नाक दाबून श्वास घ्यायची. आता पाय दाबला की बॉनेटखालून अशी घुरघुर येते की काय सांगू!

एकच घोडं अडलं होतं. इंजिनच्या गरम हवेपासून फिल्टरला आडोसा लागतो. नुसता पत्रा लावला तर खडखडायला लागला. मग मला शक्कल सुचली – जुन्या डब्याचा खालचा अर्धा भाग ग्राइंडरनं कापला आणि त्यालाच पत्रा रिव्हेट केला. कंपनीचीच भोकं, कंपनीचेच बोल्ट. तंतोतंत बसलं. मेहुणा म्हणत होता, "दाजी, डबा कापू नका, परत लागला तर?"

म्हटलं, कशाला लागतोय.

११ जानेवारी

इंजिनचा पिवळा दिवा लागला. हवा मोजणारा सेन्सर मी उलटा बसवला होता. सुलटा केला, दिवा गेला. मेहुण्याला सांगणार नाही, वर्षभर चिडवेल.

१२ जानेवारी, सोमवार

आज दुकानातून घरी आलो तर दार बंद.

हे कधी होत नाही. काचबिंदूनं आईची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली, पण घर ती कानांनी चालवते. दूध वर यायच्या आधी तिला कळतं. शेजारच्या काकू कुठली चप्पल घालून आल्या तेही सांगते. आणि मी गल्लीच्या तोंडाशी वळलो की भिंतीला हात लावत उठते. मी पायरी चढेपर्यंत कडी काढलेली असते. ते तिचं काम. हिला म्हणजे माझ्या बायकोलाही ती ते करू देत नाही.

बेल वाजवली. आतून आई – "कोण?"

"मी गं."

कडी निघाली. आईचा चेहरा गोंधळलेला. "कुणाच्या गाडीनं आलास?"

गाडी बाबांची. ते गेल्यावर चावी माझ्या हातात देताना आईनं एकच अट घातली होती – "चालव, पूस, पण त्यात ठोकाठोक करू नकोस. ते गेले तशीच राहू दे." मी हो म्हटलं होतं. शनिवारी सर्व्हिसिंगला नेतो अशी थाप मारून गेलो होतो.

तर मी म्हटलं, "आपल्याच गाडीनं. आवाज तोच आहे की."

विचारसुद्धा केला नाही. जिभेवरून घसरलं.

"हो?" आई म्हणाली. "मग माझेच कान."

१३ जानेवारी

परत बंद दार. परत "कोण?"

१७ जानेवारी, शनिवार

पहिले एक-दोन दिवस गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. आता वाटत नाही. आईचा कानांवरचा भरवसाच उडालाय. दूध चढवलं की दोनदा विचारते, "आलं का गं वर?" काकूंकडे एकटी जायची, ते बंद केलं. रेडिओ लावत नाही, म्हणते नीट ऐकू येत नाही. नीट येतं तिला! फक्त मी एक वाक्य बोललो आणि तिनं ते खरं मानलं.

ही स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली, "सांगून टाका. त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, मुलाला विचारा."

म्हटलं, सांगतो. दिवसभर मूग गिळून बसलो.

२१ जानेवारी

ही आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आईनंच हट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत.

मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी आई शांतपणे म्हणाली, "डोळ्यांचे डॉक्टरही आधी असंच म्हणाले होते."

सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात चाचपून हातात घेतला. "तू नको काळजी करू. डोळे गेले तेव्हा शिकलेच की."

या वाक्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार?

२४ जानेवारी, शनिवार

ठरलं. पाइप काढायचा, जुना डबा बसवायचा, जुना आवाज परत आणायचा. आई एक दिवस आपोआप उठेल, कडी काढेल, आणि सांगण्यासारखं काही उरणारच नाही. हिला हे पटलेलं नाही. "आवाज परत आणाल हो, बोललेलं कसं परत घ्याल?"

गॅरेजमध्ये गेलो. मेहुण्यानं कपाळाला हात लावला. डबा आहे कुठे? वरचं झाकण आहे, खालचा अर्धा भाग मी स्वतः कापलाय. आणि हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. म्हणे भंगारवाल्यांकडे बघा. कसली शक्कल आणि कसलं काय. तो ग्राइंडर कुणीतरी माझ्या हातातून काढून घ्यायला हवा होता.

३१ जानेवारी

गावाबाहेरची भंगाराची यार्डं पालथी घातली. एक डबा मिळाला, पण डिझेल गाडीचा. भोकं जुळत नाहीत.

३ फेब्रुवारी

सकाळी निघताना आई खिडकीशी उभी होती. म्हणाली, "गाडी गार असेल, जरा जोरात दे एकदा." बाबा देत असत तसं. पाय दाबला. ती घुरघुर मला स्वतःलाच ऐकवेना. आई मात्र डोळे मिटून उभी होती, मान थोडी कलती.

हल्ली रोज उभी असते. संध्याकाळीही. बाबांची आठवण येत असेल.

९ फेब्रुवारी

गल्लीत शिरल्यावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणली. तो आवाज तिच्या कानी पडायला नको. आत गेलो तर आईचा चेहरा उतरलेला. "आज मला काहीच ऐकू आलं नाही," म्हणाली.

काहीही केलं तरी चुकतंय. हे परत करणार नाही.

१४ फेब्रुवारी

यार्डवाल्याचा फोन आला. झाडावर आदळलेली एक गाडी आलीय – आपलंच मॉडेल, पेट्रोल. डबा शाबूत! जीव भांड्यात पडला.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

गॅरेजच्या बाकावर बसून लिहितोय. डबा बसला. आधी साबणाच्या पाण्यानं धुतला, आतली जळमटं काढली, नवा कागदी फिल्टर घातला. सेन्सरवरचा दिशेचा बाण दोनदा बघितला, मेहुण्याकडूनही बघून घेतला. गाडी सुरू केली आणि दोघं ऐकत उभे राहिलो. तोच आवाज. मऊ, जरासा खोकल्यासारखा, बाबा फाटकाशी यायचे तेव्हाचा. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

पाइप मेहुण्यानं तिथेच एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवून दिला. गेली ब्याद. कानाला खडा.

आता निघतो. सावकाश जाणार, काचा खाली करून. आज दार आई उघडेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दार बंद होतं. बेल वाजवली. आतून आई हिला सांगत होती – "तूच बघ गं कोण आहे. तो नाही. त्याची गाडी आता माझ्या कानांना घुरघुरत येते, येऊ दे तशी. सकाळ-संध्याकाळ खिडकीत उभी राहून पाठ केलीय मी. आज तो आला की दार मीच उघडणार आहे."

हिनं दार उघडलं. आई तिच्या मागे उभी होती, केस विंचरलेले, एक हात भिंतीवर.

"कोण आहे गं?" तिनं विचारलं.

ही माझ्याकडे बघत राहिली.