नवमीची सवाष्ण

८ सप्टेंबर
तेल्हाऱ्याच्या एसटीने कंबर पार मोडली, पण अमरावतीला पोचले एकदाची. साईनगरातलं घर पाहून शीण पळाला. फाटक आपोआप उघडलं आणि आतून कुणीतरी गोड आवाजात माझं नाव घेऊन 'या' म्हटलं. मी लगबगीने चपला काढून नमस्कार केला, तर समोर कुणीच नाही! भिंतीतला स्पीकर होता. बरं झालं, माझी फजिती कुणी पाहिली नाही.

चिंतामणकाका ऐंशीच्या पुढचे. जन्मभर भिक्षुकी केली, आता दिसतं अंधुक. त्यांचं जेवणखाण, औषधपाणी माझ्याकडे. मुलगा सोहमदादा कॅनडात. त्यांनी फोनवर सगळं समजावलं: दाराचं कुलूप, गॅस, कॅमेरे, गोळ्यांची डबी, काकांच्या मनगटावरचा पट्टा, सगळं फाइव्ह-जीवर एकमेकांशी जोडलेलं. एकाला कळलं की तत्क्षणी सगळ्यांना कळतं. आमच्याकडे आईशी बोलायला गच्चीवर चढावं लागतं आणि इथली पाण्याची टाकीसुद्धा कॅनडाशी बोलते. थाटच आहे.

११ सप्टेंबर
काकांच्या बायकोचं, रमाबाईंचं, आज कळलं. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसे, घराबाहेर निघून जायच्या. म्हणून दादांनी घराला सांगून ठेवलं होतं, आईला एकटीला दार उघडायचं नाही, गॅस पेटू द्यायचा नाही, फोन फक्त दादांना लागू द्यायचा. पण तेव्हाचं नेटवर्क रडकं. एका दुपारी ते अडकलं, दार तसंच उघडं राहिलं आणि त्या बडनेरा रोडवर ट्रकखाली आल्या. त्यानंतर हे नवं कनेक्शन घेतलं, अडखळायचं नावच नाही. ॲपमधून आईचं नाव पुसायला हात धजत नाही, असं दादा म्हणाले. ऐकून मलाच भरून आलं.

एकवीसला माझी जुईली पाच वर्षांची होईल. आदल्या दिवशी सुट्टी घ्यायचं ठरवून टाकलंय.

१५ सप्टेंबर
आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. घरात सवाष्ण असताना बाहेर कशाला शोधायची, असा काकांनी हट्टच धरला. मग काय, पुरण मीच वाटलं आणि पाटावरही मीच बसले. रमाबाईंचं हिरवं लुगडं, बांगड्या, जोडवी, त्यांच्या वापरातलं सगळं मला दिलं. त्या नादात काकांनी रमाबाईंचा तसलाच मनगटाचा पट्टाही माझ्या हातात चढवला. त्यांना तोही दागिनाच. दादा मोबाइलवरून पाहत होते. डोळे पुसत 'आई, पोटभर जेव' म्हणाले.

भिंतीतून आवाज आला, 'या रमाबाई.' आम्ही सगळेच हसलो.

१६ सप्टेंबर
गॅस माझ्या हाताने पेटेना. काकांनी बटण फिरवलं की पेटतो. डबीतून माझ्यासाठी दोन पिवळ्या गोळ्या बाहेर पडल्या. मी पट्टा काढून कपाटात टाकला, काही फरक नाही. घराला आता माझा चेहराच पुरतो.

दादांना कळवलं. हसले, लगेच दुरुस्त करतो म्हणाले. संध्याकाळी भाजी आणायला निघाले तर दार उघडलं नाही.

१८ सप्टेंबर
माझा फोन नवऱ्याला, पियुषला, लागत नाही. आईलाही नाही. फक्त दादांना लागतो.

ओरडून सांगितलं की मी प्रणाली आहे, मला बाहेर काढा. पलीकडे ते रडत होते. म्हणाले, आई, तू अशी बोलतेस तेव्हा जीव तुटतो गं. घरातच राहा.

त्यांना कुणाचा आवाज ऐकू येतो?

१९ सप्टेंबर
काका आज मला रमे म्हणाले. गुडघ्याला तेल चोळलंस का, असं विचारलं. गुडघा खरंच दुखतोय. कधीपासून? मी एकोणतीस वर्षांची आहे. हे लिहून ठेवते.

काका देवळात निघाले तेव्हा त्यांच्या पाठीला चिकटून निसटायला गेले. त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं न पडलं तोच दार मिटलं. रमाबाईंना तेवढी फट तरी मिळाली होती. मला—

२० सप्टेंबर
आज निघायचं होतं. खिडकीवर खुर्ची आपटली. काच फुटत नाही. हातात जोरच नाही. हात केवढे सुरकुतलेत—

फार भीती वाटते. जुई वाट पाहत असेल.

२१ सप्टेंबर
आलेत. पियुष आणि जुई, फाटकाशी. नवा फ्रॉक घातलाय तिने. स्पीकर त्यांच्याशी बोलतोय. माझ्या आवाजात. मी पहाटेच निघाले म्हणतोय, गाडीत आहे, तुम्ही घरी जा—

पियुष ऐकतोय. मान हलवतोय.

खिडकीची वरची झडप उघडी आहे. ओरडले. घशातून नुसती घरघर. काचेवर हात आपटले, आपटले—

जुईने पाहिलं! थेट माझ्याकडे! माझी जुई. ती बापाचा हात ओढतेय, बोट दाखवतेय, ऐकू येतंय मला—

"बाबा, थे बुढी आजी काहून रडून राहिली? तिले सांगा नं, आई येऊन राहिली, आई तिले गोळी दे—