कापणी यंत्र न वापरल्याबद्दल

प्रिय ओक्तावदादा,

तुला आणि लेनूवहिनीला सावेताचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनीचं वजन उतरलं असेल (नसलं, तर मी विचारलं होतं हे सांगू नकोस). आम्ही धडधाकट आहोत. फक्त ईस्टरनंतर तोआदेरला जो धक्का बसला त्यातून तो अजून सावरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

इटलीत बांधकामावर घाम गाळून माझ्या या नवऱ्याने गवत कापायचं यंत्र घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. लालभडक. रोज फडक्याने पुसायचा (माझ्या पाठीला मलम चोळायला मात्र याला सवड नसते). तर ईस्टरनंतर कृषी कार्यालयातल्या बाई आल्या. आपल्या टेकडीवरच्या कुरणाला सेंद्रिय शेतीचं अनुदान मिळतंच (खतं घेणं बाबांना कधी परवडलं नाही, त्याला आता सेंद्रिय म्हणतात). बाई म्हणाल्या, त्याच कुरणावर फुलपाखरांसाठी पर्यावरणाचेही पैसे मिळतील, फक्त जुलै उजाडेपर्यंत गवताला हात लावायचा नाही. आणि यंत्र न लावता हाताने कापलंत, तर त्यावर आणखी.

तोआदेर मटकन बाकावर बसला. "म्हणजे बाई, मी जितका मागासलेला राहीन तितके पैसे जास्त?"

"तसं समजा हवं तर."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर काहीच मिळणार नाही."

सही केली (मीच, कुरण माझ्या नावावर आहे) आणि त्याने यंत्रावर गोधडी घातली. मेलेल्या माणसावर घालतात तशी, तोंडापर्यंत.

आता जुलै लागला, तर अख्ख्या गावात लांब दांड्याचा एक धड विळा नाही. सगळे शहरातल्या लोकांनी शोभेला नेले. शेजारच्या गाव्रिलाने कोठारातून एक गंजका काढून दिला. तोआदेरचा पहिला फटका मुंग्यांच्या वारुळात, दुसरा स्वतःच्या बुटात. संध्याकाळी कुरण न्हाव्याने अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. यंत्र लावलं तर मिळालेलं सगळं परत करावं लागेल, आणि गवत उभं राहिलं तर पैसेही नाहीत आणि आपली जोयाना गाय हिवाळ्यात काय खाणार? मला धड जेवण जात नाही रे दादा.

तुझी,
सावेता

ता. क. तुझ्या हॉटेलात गल्ल्याच्या वर, प्लॅस्टिकच्या सूर्यफुलांत बाबांचा विळा टांगलाय. तो हवा आहे. त्याच्या जागी आमचं यंत्र टांग, दिसायला छान आहे.

ता. क. २. नुसत्या विळ्याने भागणार नाही. बाबा गेल्यापासून त्याचं पातं कुणी ठोकलेलं नाही, आणि ते ठोकून पातळ कसं करायचं हे बाबांनी फक्त तुला शिकवलं. मुलीला कशाला, म्हणाले होते. त्याचा मला अजून राग आहे. पण कुरणातली ती हातोडीची टकटक मला पुन्हा ऐकायची आहे. तेव्हा तूच ये.

ता. क. ३. तू विचार करायला वेळ मागशील, म्हणून पत्र पोस्टात न टाकता तोआदेरच्या हाती दिलंय. तू हे वाचतोयस तोवर तो बहुधा स्टुलावर चढला असेल. स्टूल धर.