आईची उशी

४ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना उघडलं आणि ताट तसंच सरकवलं. चिमणी अवघी साडेचार वर्षांची, रोज पहाटे तिची छाती शिट्टीसारखी वाजते, आणि कारण काय, तर अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे! आपल्या अंगाचा कोंडा खाऊन ते जगतात आणि त्यांची विष्ठा पोरीच्या नाकात जाते. शी! तेही तुझ्यासारख्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराच्या घरात!

मी हॉटेलच्या लॉन्ड्रीत रोज दोनशे परक्या चादरी उकळते. माणसं चादरीत काय काय सोडून जातात ते मला विचार. डॉक्टर म्हणतात तसं हे आत्ताच आवरलं नाही आणि पुढे दमा जडला, तर काय करशील? तुझी ती लाडकी गादी आधी घराबाहेर काढ. आळस करशील तर माझ्याशी गाठ आहे.

चिमणीला पापा. रागावले तरी माया आहेच, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस शि. सा. न.

साबणराणी, गादीवरून बोललीस ते झोंबलं. तरी जुनी फेकली, नवी शिवली, तिला घट्ट विणीचं चेनवालं कव्हर घातलं. पडदे उतरवले, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात. कापडी अस्वलसुद्धा उकळून निघालं. तरी पहाटेची शिट्टी थांबेना. रविवारी दोनदा श्वासाच्या औषधाचा पंप द्यावा लागला. खांदे कानांपर्यंत चढतात आणि पोरगी एक वाक्य तीन तुकड्यांत बोलते. मला भीती वाटते, ताई.

घरात एकच वस्तू तशीच राहिली होती. चिमणी जन्मली तेव्हा आपल्या आईच्या उशीतला कापूस घालून तू शिवलेली छोटी उशी. चिमणी ती गालाखाली घेतल्याशिवाय झोपत नाही. मला पहिल्या दिवसापासून संशय होता, पण हात धजेना. काल दुकानात नेऊन पांढऱ्या कागदावर उसवली.

पंचवीस वर्षं लोकांच्या गाद्या उसवतोय. उंदरांची घरटी निघाली, कुणाची कवळी निघाली, सगळं झाडून मी पुढचं काम धरलं. हिच्यातून तपकिरी, ओलसर गठ्ठे निघाले आणि चाळलेल्या पिठासारखी भुकटी. मी बाहेर जाऊन ओकलो.

रागावू नकोस, पण हा कापूस देण्याआधी तू धुतला होतास का? सगळं झाकणाच्या डब्यात ठेवलंय. वस्तू तुझी, तूच सांग.

हिचा नमस्कार. कानउघाडणी कर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

नाही धुतला. जगाची घाण उकळणाऱ्या बाईने तेवढाच धुतला नाही. धुतला तर आईचा वास गेला असता. पोरीला आजी दिसली नाही, निदान तिचा वास तरी मिळावा, असं वाटलं. मिळाला बरं पोरीला.

अर्धी उशी माझ्याकडे होती. पाच वर्षं कामावरून आले की मी तिच्यात तोंड खुपसून पडत होते. सारखा खोकला यायचा, त्याचं खापर साबणावर फोडलं. तुझं पत्र वाचून तीही उसवली. आईच्या अंगाचा कोंडा, त्यावर पोसलेल्या किड्यांच्या पिढ्या आणि त्यांची घाण. हे मी आईची कूस म्हणून हुंगत होते! साबणाने नाक घासघासून सोलवटलंय. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

कापूस उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर काढला तेव्हा त्याला नुसता साबणाचा वास येत होता. मग मात्र रडले.

तुझ्याकडचा डबा जाळून टाक. मला विचारत बसू नकोस. चिमणीच्या छातीचं काय ते लगेच कळव. या वेडीवर राग धरू नका.

तुझी ताई

२० जुलै

ती. ताईस शि. सा. न.

डबा जाळला. गेले अकरा दिवस पहाटेची शिट्टी नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्यात हुरळून जाऊ नका, अजून दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल. तुझा खोकलाही तपासून घे.

चिमणी उशी मागत होती. हिने सांगितलं की आत्याकडे धुवायला दिलीय. त्यामुळे ती तुझ्यावर भलतीच चिडलीय. आत्या फार वाईट आहे, तिने माझी उशी घेतली, तिला सांगा की आत्ताच्या आत्ता घेऊन ये, नाहीतर मी तिच्याशी कधी कधी म्हणजे कधीच बोलणार नाही, असा तिचा निरोप आहे.

ताई, हे सगळं ती एका दमात म्हणाली.

तुझा धाकटा