मोहाचे लाडू आणि मामांचं नाक

आदरणीय वनाभाऊंना, मुक्काम सुरत,

तुमच्या बहिणीचा नवरा कौतिक याचा चोपडा तालुक्यातून वाकून नमस्कार. (खरंच वाकून. हल्ली वाकलं की तोल जात नाही.) वहिनींच्या गुडघ्याला तेल लावणं चालू असेल, पोरं अभ्यासाला लागली असतील आणि तुमची साखर ताब्यात असेल असं धरून चालतो. फोनवरच विचारलं असतं, पण होळीच्या आधी मी तुम्हाला भलत्या वेळी फोन करून रडायचो म्हणून तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला, तो अजून तसाच आहे. राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर सिमकार्डच तापीत टाकलं असतं. पण त्यामुळे पोस्टाचं पाकीट शोधत फिरावं लागलं, आणि कोर्टाची नोटीस आली का म्हणून सगळ्या गावाने विचारून घेतलं.

लता आखाजीला धुळ्याला माहेरी गेली हे तुम्ही जाणताच. अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि परत येतात अशी आपली रीत. लताने पहिलं सगळं केलं, शेवटचं तेवढं केलं नाही. झोका झाडावरून उतरला, पेरण्या झाल्या, तरी ही तिकडेच. मी होळीत बाटली टाकली ती टाकलीच, पण तिचा निरोप आला, ‘गावमा सोडणं सोपं शे. जळगावमा सोडा, मंग मी येस.’ तिचंही चुकत नव्हतं. विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून देण्याचा माझा धंदा, त्याला तांब्याची तार लागते, ती आणायला मी जळगावला जायचो आणि तिथून मला कोणीतरी आणायचं. शेवटी मामांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, निवाडा दिला. मी एकट्याने जळगावला जायचं, तिथे मुक्काम करायचा, थेट धुळं गाठायचं आणि ओट्यावरच तोंडाचा वास द्यायचा. मामांची उभी हयात अमळनेरला तेलाच्या गिरणीत गेलेली. शेंगदाणा की सरकी हे नुसत्या वासावर सांगणारं ते नाक. त्या नाकावर माझा संसार टांगला होता.

तर भाऊ, जळगाव हे फार मोठं शहर आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, एसटी स्टँड आणि त्याच्यामागची एक अंधारी खोली, संपलं जळगाव. तारवाल्या नासीरभाईंच्या दुकानाला दोन दारं आहेत अशीही माझी समजूत होती. एकच आहे. त्यांनी चहा पाजला, खुशाली विचारली, आणि मी उत्तरं देतोय हे बघून आणखी एक चहा मागवला. ‘कौतिकभाऊ, इत्ते साल में आज पहली दफा मेरा नाम सही लिए,’ म्हणाले. (मी त्यांना कायम बशीरभाई म्हणायचो. बशीरभाई समोरचे. ते मला बघून शटर का ओढायचे तेही आता कळलं.)

पंचाईत झाली ती संध्याकाळची. न पिणाऱ्या माणसाची संध्याकाळ एवढी लांब असते, ती काढायची कशी हे कोणी शिकवलेलं नाही. आधी सराफ बाजारात एका पेढीवर जाऊन बसलो. गार हवा, बसायला गादी, आणि काय दाखवू म्हणून विचारणारा माणूस. मी म्हटलं, दाखवा. लताच्या मापाच्या म्हणून पोतींपासून पाटल्यांपर्यंत सगळं पाहिलं, दोनदा सरबत घेतलं आणि घरी विचारून येतो म्हणून उठलो. त्यांनी दारापर्यंत सोडलं. मला आजवर पुष्कळांनी दारापर्यंत सोडलंय, पण हात जोडून कोणी नाही. तिथून मेहरूण तलावावर गेलो तर म्हातारी मंडळी गोल उभी राहून हसत होती. मी बघत होतो, मलाही ओढलं. हात वर, पोट पुढे आणि हो-हो-हो. शुद्धीत असताना एवढा वेडेपणा करता येतो हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं. मग जेवायला शेवभाजी मागवली. पहिल्याच घासाला कानातून वाफा. आज तिखट जास्त पडलं का, असं वेटरला विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्ही नेहमी हीच खाता.

सकाळी उठलो तर कालचा दिवस जसाच्या तसा आठवत होता, आणि उशाशी दोन्ही चपला, त्याही माझ्याच. एवढा आनंद झाला की पारोळ्यापर्यंत बसमध्ये लोकांना मेहरूणचं हसणं करून दाखवलं. शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

धुळ्याला उतरलो तर मैदानात बचत गटांचं प्रदर्शन. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेल्या दिवालीबाईंच्या टेबलावर काळसर लाडू होते, मोहाच्या फुलांचे. मोह म्हटल्याबरोबर मी दोन पावलं मागे. बाई म्हणाल्या, फुलं सुकवून, भाजून केलेत, आम्ही बाळंतिणीला देतो. दारूला ती भिजवून आंबवावी लागतात, तुम्हाला काय सांगायचं. (चेहऱ्यावर अजून काही खुणा उरल्या असाव्यात.) सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डबा घेतला आणि रिक्षात त्यातले निम्मे खाल्ले. घाबरलो की मला भूक लागते. पूर्वी तहान लागायची.

मामा ओट्यावर तयारच होते. लता दाराआड, हातात भरलेली पिशवी. (ती पिशवी मला दिसली, भाऊ. म्हणजे तिला यायचंच होतं.) मी आ केला. मामांनी नाक जवळ आणलं, डोळे मिटले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. ‘हाऊ वास मोहना शे,’ म्हणाले. पिशवी आत गेली. कडी लागली.

पीत होतो तेव्हा लवंग चघळून कितीदा निभावलं, आणि न पिता पकडला गेलो. मी डबा पुढे केला. मामा म्हणाले, आता दारूचे लाडूही निघाले का. शेजारच्या बेबाबाईंनी एक खाऊन पाहिला, त्यांना तो फार आवडला, आणि आवडला म्हणूनच त्यांचा संशय वाढला. शेवटी खात्री करायला मामांनी एक तोंडात टाकला. मग खात्री पक्की करायला दुसरा. मी पायरीवर बसून रडत होतो, खरं सांगतो, आणि मामा खात्री करत होते.

तेवढ्यात त्यांचे भजनाचे सोबती बोलवायला आले. जवळ बसले आणि लगेच उठले. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, या वयात, आणि तेही जावई आल्या दिवशी. ‘आरे, लाडू खादात मी, लाडू,’ मामा सांगत होते. फुलं भाजलेली असतात, बाळंतिणीला देतात, माझंच सगळं त्याच क्रमाने सांगितलं आणि त्यांच्यावर विश्वासही तेवढाच बसला. सोबती मामांना म्हणाले, असू द्या नाना, पडा जरा, आज भजन नको. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला प्रथमच जावयाबद्दल कळवळा दिसला. आणि आतून लताचं हसणं ऐकू आलं. पदर तोंडात कोंबूनही मावत नव्हतं. किती दिवसांनी ऐकलं ते, भाऊ. कडी निघाली, पिशवी बाहेर आली आणि आम्ही दोघं संध्याकाळच्या बसने घरी आलो. मी फार सुखात आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमचा, शुद्धीतला,
कौतिक

ता. क. मेहरूणचं हसणं रोज ओट्यावर करतो. बैल बुजतात, बाकी फायदा आहे.

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. काल लताला माझ्या कामाच्या खोलीत, मोटारीच्या खोक्यात अर्धी बाटली सापडली. ती तुमची. सुरतेत दारूबंदी म्हणून दर दिवाळीला तुम्ही इकडे येऊन ‘खोकल्यापुरती’ घेता आणि उरलेली माझ्याकडे ठेवता, ती. लता म्हणते, माझा भाऊ गुजरातेत राहतो, तो थेंबाला शिवत नाही. पिशवी भरून पुन्हा दारात ठेवली आहे आणि मामांना नाकासकट बोलावलं आहे. तरी तिला ताबडतोब फोन करून बाटली तुमची असल्याचं सांगावं. तुमची अब्रू जाईल हे खरं, पण तुम्ही सुरतेत आहात आणि मी इथे आहे.

भाऊ, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाटली तुझी हे मला केव्हाचं माहीत आहे. आतली दारू मी दोन दिवाळ्यांपूर्वीच मोरीत ओतली. तेव्हापासून तीत कोरा चहा असतो, घसा जळावा म्हणून सुंठ आणि लवंग टाकते. गेल्या दिवाळीला तोच पिऊन तू ट्रॅक्टरवर चढून नाचलास आणि तुला उतरवायला सगळी गल्ली लागली. यांनीही तीतूनच चोरून घेऊन तुला रडत फोन केलेत. तू फोन करू नको. पिशवीत जुनी गोधडी आहे, मी कुठे जात नाही, पण यांना पुढच्या आखाजीपर्यंत जरा भिऊ दे. दिवाळीला नक्की ये, चहा ताजा करून ठेवते. लता.