विहिरीतली खरखर

प्रिय प्रियंका,

हे पत्र लालीबाईच्या हाती देतेय. बांगड्या भरायला ती तुमच्या गल्लीत येतेच. फोन तुला सगळ्यांसमोर घ्यावा लागतो, म्हणून हा खटाटोप.

आपल्या विहिरीतलं कासव आठवतं ना? काळपट, पाठीवर तीन उभ्या कडा असलेलं. पाणी नितळ राहावं म्हणून तुझ्या बाबांनी रानातून आणून सोडलेलं. तसलं कासव आता रानात शोधूनही सापडत नाही, आमचं मात्र राजासारखं राहतं, असं ते पाहुण्यांना मिरवून सांगायचे. मला दर हिवाळ्यात दगडावर नखांची खरखर ऐकू यायची. बादली सोडताना अंगावर काटा यायचा. माझ्या माहेरी नाल्याकाठी मी पाहिलंय गं, मादी मागच्या पायांनी खड्डा उकरते, अंडी घालते, माती सारखी करून निघून जाते. हिला वर यायचं असेल, असं म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "काय कमी हाये तिथं? आयतं खायाले भेटते."

यंदा पाणी तळाला गेलं म्हणून शेजारचा संजय गाळ काढायला उतरला. टोपलीत गाळाबरोबर अंड्यांची पांढरी, लांबट कवचं वर आली. एक-दोन नाही, कितीतरी वर्षांची. सगळी पाण्यात पडून वाया गेलेली. बाबा त्यातलं एक हातात घेऊन बसून राहिले. मग कासवीला वर काढून स्वतःच रानात घेऊन गेले. मी सोबत होते. पाचोळ्यावर ठेवली तर अंग आत ओढून गप्प पडली. आम्ही लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं पाय बाहेर आले, आणि गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही बघ.

वाटलं, सुटले एकदाची. पण विहीर रिकामी झाली तरी खरखर थांबेना. तू फोनवर "बरी आहे आई" म्हणून ठेवून देतेस, की सुरू होते. दिवाळीला आलीस तेव्हा सारखी बाही खाली ओढत होतीस. मले इथंच राहू द्या, असं बाबांना म्हणालीस, तेव्हा तुलाही तेच उत्तर मिळालं होतं.

काल जेवताना बाबा घास हातात धरून म्हणाले, "मलेही आयकू येते आता." हे पत्र लिहायला त्यांनीच सांगितलं. रविवारी आम्ही दोघं जीप घेऊन वणीला येतोय. सामानसुमान राहू दे. बाबा दारात उभे राहतील. सासरचे काहीही म्हणोत, तू चालत ये. मागे वळून पाहू नको.

तुझीच,
आई