नामुगोंगोच्या वाटेचे बूट

२ मे, शनिवार, सकाळ

सगळ्यात आधी टपकली ती फेरेस्ता. जुळी झाल्यापासून सगळं गाव तिला नालोंगो म्हणतं, जुळ्यांची आई म्हणून मान. मी फेरेस्ताच म्हणते. तिचं नाक मी पुसलंय लहानपणी. चहाला अजून उकळी यायची होती. दारात वहाणा काढतानाच हिचं सुरू, की ऐकलंस का, बुकेन्या मास्तर यंदा म्हाताऱ्यांना असेच हुतात्म्यांच्या यात्रेला, नामुगोंगोला, चालत नेणार नाहीत. मागच्या वर्षी कुणाच्या तरी टाचेत पू झाला, पार फादरपर्यंत गेलं प्रकरण. म्हणून आता चर्चची कमिटी घरोघरी येऊन पाय बघणार. मास्तर आणि दवाखान्यातली नर्स सिस्टर. ज्याच्या पायाला फोड तो घरी.

मी म्हटलं, बघू देत की. माझ्या पायांत बघण्यासारखं काय आहे.

तर म्हणते, तुझे पाय म्हणजे पिकली केळी, बोट लावलं की काळी. चहा दिला तरी तिला. साखर कमी घातली.

निघायचं २८ मेला, गुरुवारी पहाटे, चर्चपासून. ३ जूनला हुतात्म्यांचा सण. मी जाणार. ठरलेलं आहे.

२ मे, संध्याकाळ

सकाळी लिहायचं राहिलं ते हे. मला जायलाच पाहिजे. माझ्या लेकीला, नजेम्बाला, तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. चौथ्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी बोलून गेले, हे मूल जगलं तर नामुगोंगोला माझ्या पायांनी येईन. पायांनी असं म्हटलं. बसने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा बस सुचली नाही.

आता नातवाला, लुब्वामाला, वरती दोन आणि खाली दोन दात आहेत. माझा कान धरून ओढतो. इतका जोर बापाच्या घराण्यात कुणाला नाही.

दमले. लिहूनसुद्धा दमायला होतं हल्ली.

३ मे, रविवार

ह्यांना सांगितलं की मी चालत जाणार. हे शेंगा सोलत होते, सोलतच राहिले. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी पण चालत गेली होतीस, वाटेत लुकायाला पिकअपमध्ये कांद्याच्या पोत्यावर झोपलेली सापडलीस.

ते खोटं आहे. झोपले नव्हते, डोळे मिटले होते. आणि पिकअपवाल्याने फार आग्रह केला. आणि दोष पायांचा नव्हता, बुटांचा होता. ते बूट माझ्या धाकट्या जावेचे, तिचा पाय बदकासारखा.

म्हणजे काय, तर बूट नीट पाहिजेत. बाकी सगळं आहे.

५ मे, मंगळवार

मसाकाच्या बाजारात गेले. जुन्या बुटांच्या ढिगापाशी काग्ग्वा बसतो, बारीक मिशीचा. बूट धुऊन, पांढरा रंग मारून असे मांडतो की नवे लाजतील. मला म्हणाला, आजी, सकाळी कशाला आलात, बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभरात पाय सुजतो. म्हटलं, माझे सुजत नाहीत. म्हणाला, मग पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. म्हटलं, जागा ठेवली की माणूस म्हणतं मागून आणलेत. म्हणाला, बरं, निदान रोज घरात थोडे थोडे घाला, पायाला कळू देत. बोलतो फार. माल विकायचा तर एवढं शिकवतात कशाला.

पांढरे घेतले, बाजूला जांभळी पट्टी. पायाला असे बसले की जणू मापाने शिवलेत. काढताना काग्ग्वाला ओढावे लागले. चांगला बूट घट्टच असतो. त्यासाठी लाल कोंबडी विकली, ती तशीही अंडी लपवायची.

घरी आल्यावर हे म्हणाले, सुंदर आहेत, कुणाला द्यायचेत?

८ मे, शुक्रवार

आजपासून रोज टेकडीवरच्या चर्चपर्यंत जाऊन यायचं. प्रॅक्टिस.

निघाले. काल रात्री पाऊस, रस्ता लाल चिखल. पांढरे बूट त्यात घालणार का कुणी शहाणं माणूस? पिशवीत घातले, डोक्यावर ठेवले, रबरी चपला घालून गेले. चर्चच्या फाटकाशी पाय पुसून बूट घातले. आम्ही लहानपणापासून असंच करतो, बूट हा पोचल्यावर दिसायचा असतो, वाटेत झिजवायचा नसतो. आत बसून देवाचं नाव घेतलं. उठताना काढले, डोक्यावर ठेवले, परत आले.

बूट उत्तम. कुठेही टोचले नाहीत. अंगठ्याशेजारी फोड आला तो चपलेच्या पट्ट्याचा, बुटांना त्यात धरायला नको.

१० मे, रविवार

आज रस्ता कोरडा, घरूनच बूट घालून गेले. फेरेस्ता म्हणाली, अगं लंगडतेस का. म्हटलं, नवीन बुटाची चाल असते ती.

वाटेत माणसं फार भेटली. रविवारी भेटतातच. म्हातारा सेरुन्जोगी भेटला, बायकांच्या रीतीने मी गुडघे टेकून नमस्कार केला. शाळेचे चेअरमन भेटले, गुडघे टेकले. मग नवऱ्याकडचे दोन चुलते सायकलवर, ते थांबले, म्हणजे पुन्हा टेकणं आलं, आणि घरचे कसे, गुरं कशी, पाऊस कसा, सगळं विचारून होईपर्यंत खालीच. प्रत्येक वेळी बूट बोटांवर मुडपतो, पुढून चावतो आणि टाच मागून सुटते. फेरेस्ता म्हणाली, चालायला निघालेल्या बाईने उभ्यानेच हात जोडून पुढे जावं, हुतात्मे समजून घेतील. म्हटलं, हुतात्मे घेतील, चुलते नाही घेणार.

आमच्या आईने आम्हाला असं वाढवलं नाही. पाय दुखला तर दुखला.

दोन्ही पायांना बोटांवर फोड. बूट चांगलेच आहेत. चुलते जास्त आहेत.

१३ मे, बुधवार

शांतपणे विचार केला. घट्ट बुटात फोड येतो. मग सैल घेतला की येणार नाही. हे आधी कुणी सांगितलं नाही.

काग्ग्वाने पांढरे परत घेतले नाहीत. म्हणाला, आजी, ह्यांना आता तुमच्या पायाचा आकार आलाय. दुसरे दाखवले, पुरुषांचे, तपकिरी, जाड सोल. माझ्या मापाचे होते ते मी नाकारले. त्याहून मोठे घेतले आणि दोन मोजे आत. काग्ग्वाने डोळे मिटून कपाळाला हात लावला, उन्हामुळे असेल. आता पाय आत मोकळा फिरतो, खोलीत फिरल्यासारखा. पांढरी कोंबडी विकली.

नजेम्बाचा फोन आला. लुब्वामा उभा राहिला, खाटेला धरून. मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लाव. त्याला सांगितलं की आजी तुझ्यासाठी चालतेय. त्याने फोन चाटला. नजेम्बा म्हणाली, आई, बसने जा ना, देव तिकीट बघत नाही. म्हटलं, बोलले ते बोलले.

मग फोनमध्ये नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत असावी. लहानपणापासून तिचं असंच, आनंदातसुद्धा नाक वाहतं.

१७ मे, रविवार

तपकिरी बूट. चर्चला जाताना उतार आहे तिथे पाय आपोआप पुढे सरकला आणि मी बुटाच्या आधी पोचले. चढावर टाच वर येते आणि बूट खालीच राहतो. दोन्ही टाचांना फोड. हे बरं झालं एका अर्थी, कारण बोटांचे सुकायला लागलेत.

फेरेस्ताने विचारलं, मोजे दोन कशाला. म्हटलं, डॉक्टर सांगतात. कोणते डॉक्टर, म्हणाली. मी मग प्रार्थना सुरू केली.

फार थकले आज. घरी येऊन मटोकेची हिरवी केळी सोलायला बसले तर हातात सुरी तशीच राहिली. ह्यांनी सोलली केळी सगळी. एरवी त्यांना साल आणि गर ओळखता येत नाही.

२० मे, बुधवार

ठरवलं: आता पूर्ण आराम. मीठ घालून गरम पाणी. तूप लावायचं. फोड फोडायचे नाहीत.

दुपारी एक फोडला. फारच तट्ट फुगला होता, डोळ्यापुढून जाईना.

ह्यांनी विचारलं, एवढं कशासाठी. तुला चालणं कधी जमलं आहे, लग्नात पण तुला सायकलवर आणली. म्हटलं, तीन रिकामे पाळणे मी बघितलेत, तुम्ही तेव्हा मळ्यात असायचा. हे उठून गोठ्यात गेले. गोठ्यात काही काम नव्हतं त्यांना.

असं बोलायला नको होतं. खरं होतं, तरीपण.

२३ मे, शनिवार

टाचा सुकताहेत. जवळजवळ सुकल्या. डावी म्हणजे अजून ओली आहे, पण डावी नेहमीच उशिरा ऐकते.

तरी आज घरातल्या घरात पांढरे बूट घालून पाहिले, काग्ग्वा म्हणाला होता तसे. पाणी आणायला मागच्या विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, भरल्या हंड्यासह. जमलं. संध्याकाळी मोजा काढताना कातडं मोज्याबरोबर आलं, थोडंसंच.

गुरुवारपर्यंत पाच दिवस आहेत. शरीर हुशार असतं, वेळ दिला की करतं.

२५ मे, सोमवार

कमिटी उद्या येणार असा निरोप. फेरेस्ता सांगून गेली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, पेरेपेतुवा, खरं सांग, दाखव एकदा. मी अंगावरच्या गोमेसी झग्याचा घोळ पायांवर ओढून घेतला. इतका लांब घोळ असतो त्याचा उपयोग हाच.

उद्याचं ठरवलं. चटईवर बसायचं, पाय बाजूला मुडपून, वर गोमेसी. सिस्टरने मागितला तर पाय वरून दाखवायचा. वरून माझे पाय छान आहेत. बोटांवरच्या खपल्यांना कोको बटर लावून ठेवलंय, चमकतात. तळवा कोण बघतं.

मास्तरांसाठी शेंगदाणे भाजले. बुटांच्या दोन्ही जोड्या धुऊन दाराशी मांडल्या, तयारी दिसावी म्हणून.

२६ मे, मंगळवार, दुपार

आले आणि गेले.

आधी बुकेन्या मास्तर आत आले, खुर्चीवर बसले. मी लगेच गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे, आणि नीट विचारपूस सुरू केली. घरचे कसे आहेत. बरे आहेत. शाळा कशी आहे. आहे. गुरं, पाऊस, कॉफीचं पीक. मास्तर जुन्या वळणाचे, एकेका प्रश्नाला सावकाश उत्तर देतात, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते, पायांकडे नाही. मनात म्हटलं, झालं, जमलं.

सिस्टर दाराशी बुटाची नाडी सोडत मागे राहिली होती. ती आत आली ती माझ्या पाठीमागून. मी अजून मास्तरांच्या सासूची तब्येत विचारत होते. सिस्टर म्हणाली, आजी, तशाच राहा जरा. मला वाटलं तिला माझी रीत आवडली. शहरात वाढलेल्या पोरी कुठे असं टेकतात आता. मी आणखी खाली वाकले.

मग तिचं थंड बोट टाचेला लागलं.

गुडघे टेकले की तळवे मागे वर होतात. पासष्ट वर्षं टेकतेय, मला कधी सुचलं नाही की मागून कुणी यावं.

ती डावा पाय हातात धरून बसली बराच वेळ. नंतर औषध लावलं, पट्टी बांधली, फार हलक्या हाताने. मास्तर भिंतीवरच्या येशूकडे बघत होते.

मी सांगितलं दोघांना. तीन वेळचं सांगितलं, बाकावरचं सांगितलं, लुब्वामाच्या दातांचं सांगितलं. पायांनी असं बोललेय, म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, आजी, नातवाचं नाव छान आहे. शेंगदाणे खाल्ले. बुटांच्या दोन्ही जोड्या उचलून बघितल्या आणि म्हणाले, असे बूट आमच्यात कुणाकडे नाहीत. नको असं कुणी म्हणालं नाही. एकदाही नाही.

निघताना मास्तरांनी माझे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. म्हणाले, पाय पाण्यात ठेवा, मीठ घाला, टेकू नका कुणाला, आम्ही परत येऊन बघतो. सिस्टर म्हणाली, हो, नक्की येतो. पाहुण्यांना वळणापर्यंत पोचवायचं असतं, पण तिने मला उठू दिलं नाही.

२६ मे, संध्याकाळ

ह्यांना म्हटलं, नाही म्हणाले नाहीत. पट्टीसुद्धा बांधली, म्हणजे गुरुवारी न्यायचंच असेल. परत येणार आहेत बघायला.

ह्यांनी पाणी तापवून आणलं, मीठ स्वतः घातलं, बोट बुडवून बघितलं. मग खाली बसून माझा उजवा पाय परातीत ठेवला आणि विचारलं, कधी येतो म्हणाले?

सांगितलं. शनिवारी. ३० मेला, चहाच्या वेळी.