तणशीआडची खिडकी

१२ डिसेंबर २००६
देवरीहून पर्यवेक्षिका मॅडम आल्या, अंगणवाडीची खोली बघायला. म्हणाल्या, "या, खाली बसू." पोरांच्या रांगेत आम्ही दोघी. खालून पाहिलं तर माझे सगळे तक्ते छताजवळ. समोर दिसली ती तांदळाची पोती न् ओल धरलेली भिंत. मॅडम हळूच म्हणाल्या, "सजवलंय मनापासून. पण उभ्या माणसासाठी." वाईट वाटलं. पण खरं तेच.

१४ डिसें.
निम्मे तक्ते काढले, बाकीचे पोरांच्या नजरेला आणले. देवकाबाई, आमची मदतनीस, म्हणे, "बाई, भिंती उघड्या काऊन केल्या?" सांगितलं. मग तिनंच पोत्यांपुढे जुन्या लुगड्याचा पडदा लावला. सुरेख दिसतो. चिमुकली सरिता मात्र अजून दारातच बसते, आत येत नाही. तिची आई म्हणते, "अंधाराले भेते."

१८ डिसें.
खोलीला खिडकी आहे, पण बाहेरून शेजारच्या तुरकरभाऊंच्या तणशीचा, भाताच्या पेंढ्याचा ढीग. गेले विचारायला. "मंग तनस कोठं नेऊ बाई? माहे बैल काय तुमची खिचडी खातीन?" त्यांचं चूक नाही. जागाही त्यांचीच. परत आले.

२१ डिसें.
सरिताची आई शेजारणींना घेऊन आली. टोपलीत छुईची पांढरी माती. भिंती पोतल्या, खाली गेरूचा पट्टा, वर मोर, हरणं. पोरांनी बोटं बुडवली, निम्मा गेरू देवकाबाईच्या पदराला. हसून हसून पोट दुखलं.
गलका ऐकून तुरकरभाऊ आले. खाली बसा म्हटलं. बसले. जरा वेळानं, "मोर कोनता न् हरीन कोनतं, कायी दिसत नाही ना." मी बंद खिडकीकडे बोट दाखवलं.

२३ डिसें.
सकाळी खिडकी मोकळी! तुरकरभाऊ बैलबंडीत तणस भरून राहिले होते. "बैलाच्या कोठ्यामागं नेऊन राहिलो. तिथं भिजन थोडं. पाहू." आभार मानायला गेले, तर ते बैलाशीच बोलायला लागले.
ऊन थेट भिंतीवर. सरिता उठली, आत आली, उन्हात बसली. मोराच्या शेपटीवर तळवा ठेवून.
लग्न होऊन या गावात आले तेव्हा किती रडले होते मी. आणि आता ही माणसं...

९ फेब्रुवारी २००७
अंगणवाडीच्या नव्या इमारतीच्या भिंती चढताहेत. खिडक्यांची जागा माझ्या छातीइतकी उंच. पोरांना बाहेरचं काय दिसणार? गोंदियाचा मिस्त्री म्हणे, "नक्शे में जैसा है वैसाच होगा, बाई." एसटीडीवरून मॅडमना फोन केला. इंजिनिअर साहेबांशी बोलते म्हणाल्या. तुरकरभाऊंना कळलं तर पागोटं बांधून तयार. "चाला, मी येतो संग."
बांधकामावर जाऊन आलो. मिस्त्री ऐकून घेतो, हो म्हणत नाही. साहेब सोमवारी येणार. तोवर त्या बाजूची भिंत थांबवतो, एवढं कबूल केलं त्यानं.